उंच वर पाहिजे

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझी पाठ, तुझा दमा आणि तुझा वरच्या मजल्यावरचा शेजारी, तिन्ही शांत असतील अशी आशा आहे. सविस्तर चौकशी पुढे करतेच. आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे वाचता वाचता दारावरची बेल वाजली तरी मुख्य मजकूर तुझ्यापर्यंत पोचलेला असेल.

१. बोटीवर इंटरनेट आलं.
२. अँटेना डोलकाठीच्या टोकावर आहे.
३. ती तिथे तू पाठवलेल्या माणसाने बसवली.
४. तो रंगारी नव्हता.
५. हे मला तो खाली उतरल्यावर कळलं.
६. बाबांची तब्येत उत्तम आहे. हसण्यामुळे बरगडी दुखते आहे, पण ती आजारात धरलेली नाही.

तू म्हणशील, इंटरनेट आलं तर पत्र कशाला, फोन कर. फोनचाच अनुभव घेऊन हे पत्र लिहिते आहे. फोनवर तुला माझं अर्धं वाक्य ऐकू जातं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः तयार करतेस. (बाबा म्हणतात, लहानपणापासून तशीच आहे ती. हे वाक्य त्यांच्या नावावर लिहायला त्यांची परवानगी आहे.) कागदावर शब्द गळत नाहीत, आणि तू दोनदा वाचू शकतेस. कृपया दोनदा वाच.

यातलं काही तुला माहीत आहे, तरी क्रम नीट राहावा म्हणून पहिल्यापासून सांगते. ऑफिसने मला बोटीवरून काम करायची परवानगी दिली ती अटीवर. मी लिफ्टचे प्रोग्रॅम तपासते, म्हणजे कुठली लिफ्ट कधी कुठे थांबावी आणि कधी अजिबात थांबू नये ते. (तुझ्या इमारतीतली लिफ्ट आमची नाही. हे मी पूर्वीही लिहिलं आहे.) अशा कामाच्या बैठकीत माणूस मध्येच नाहीसा झाला तर चालत नाही, हे साहेबांचं म्हणणं रास्त आहे. तेव्हा अट अशी, की महिनाअखेरच्या चाचणी-आठवड्यात माझा संपर्क एकदाही तुटता कामा नये. तुटला तर एक तारखेपासून ऑफिसात हजर. ऑफिस इतक्या लांब, की रोज येऊन-जाऊन करता येणार नाही, आणि नवा गुडघा घेऊन बाबांना बोटीवर एकटं ठेवता येणार नाही. म्हणजे बोट विकायची आणि आम्ही दोघांनी तुझ्या मागच्या खोलीत यायचं. ती खोली तू मायेने तयार ठेवली आहेस, पडदेसुद्धा शिवलेस, हे मला ठाऊक आहे. पण आत्या, शस्त्रक्रियेनंतर बाबा तुझ्याकडे राहिले होते, तेव्हा ते रोज ठरावीक वेळी बाल्कनीचा कठडा धरून उभे राहायचे. तुला वाटलं चक्कर येते आणि तू डॉक्टरला बोलावलंस. ती चक्कर नव्हती. ती भरती फिरायची वेळ होती. इमारत फिरते का, हे बाबा बघत होते. परत आल्यावर मला म्हणाले, "जागा झकास आहे तिची, पण एकाच दिशेला तोंड करून किती दिवस बसायचं माणसाने?" सगळं घोडं या एका गोष्टीपाशी अडलं होतं. इंटरनेट माझं, पण पणाला लागले होते ते तुझे दादा.

आता बोटीची अडचण. आपली बोट पोलादी. समुद्राच्या दृष्टीने हा गुण, रेडिओलहरींच्या दृष्टीने हा झाकण लावलेला डबा. आत फोनवर रेंजची एक दांडीही दिसत नाही. दांड्या हव्या असतील तर छतातल्या झडपेतून डोकं आणि एक हात बाहेर काढून उभं राहायचं. पहिले काही दिवस मी बैठका तशाच केल्या. साहेबांना वाटायचं मी दुचाकीवरून बोलते आहे. एकदा एक बगळा फारच जवळ येऊन बसला, तेव्हा एका सहकाऱ्याने नवीन भरती झाली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. (त्याचं नाव उपस्थितांत लिहिलं गेलं नाही, एवढं नशीब.)

यावर उपाय म्हणजे बाहेरची अँटेना. बाहेर अँटेना लावायची, तिची तार आत आणायची आणि राउटरला जोडायची. मी रीतसर अभ्यास केला. सिग्नलचा टॉवर खाडीच्या पलीकडे टेकडीवर, मध्ये धान्याचं गोदाम. मी अंतर काढलं, कोन काढला, तारेत किती गळती होईल ते काढलं आणि पॅनेल अँटेना घेतली. ती पाटीसारखी चपटी असते आणि जिकडे तोंड तिकडचंच ऐकते, पण फार लांबचं ऐकते. केबिनच्या छतावर ती टॉवरकडे तोंड करून पक्की बसवली, चारही बोल्ट पिळून घट्ट केले. आत्या, राउटरवरचे सगळे दिवे हिरवे झाले. मी उत्साही होत नाही हे तू नेहमी ऐकवतेस. त्या संध्याकाळी झाले. बाबांना बोलावून दिवे दाखवले. बाबा म्हणाले, छान आहेत. मग खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, "आणि सकाळी गं?" मी म्हटलं, सकाळी काय, असंच. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या या न बोलण्याचा अर्थ मला सकाळी कळला.

रात्रीत भरतीची ओहोटी झाली, आणि नांगरावरची बोट, जशी ती जन्मल्यापासून करत आली आहे तशी, सावकाश फिरून उलट तोंड करून उभी राहिली. माझी अँटेना उघड्या समुद्राकडे बघत होती. बैठक सुरू होती. साहेब "अत्यंत महत्त्वाचं म्हणजे" इतकं म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थांबले ते थांबलेच. मी सगळं मोजलं होतं. बोट तरंगते हे धरलं नव्हतं. बाबांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पोरी, बोट आहे ही, बंगला नाही." मी म्हटलं, रात्रीच का नाही सांगितलंत? तर म्हणे, तू इतकी खूष होतीस, तुझा आनंद ओहोटीपर्यंत तरी टिकू द्यावा म्हटलं.

मधल्या काळात आम्ही एक तात्पुरती व्यवस्था केली, तिचं वर्णन मी थोडक्यात करते. पॅनेल झाडूच्या दांड्याला बांधलं. बाबा छतावर खुर्ची टाकून दांडा धरून बसायचे आणि बोट फिरेल तसा दांडा उलटा फिरवायचे. मी आतून छताला बोटाने टकटक करायची, एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. प्रत्यक्षात बाबांना शेजारच्या बोटीवरच्या मासेवाल्याशी गप्पा मारायच्या असतात, आणि तो डाव्या बाजूला असतो. शिवाय त्यांना टकटक पुरत नाही, ते झडपेतून विचारतात. एका बैठकीत साहेब खर्चकपातीबद्दल गंभीरपणे बोलत असताना वरून स्वच्छ आवाज आला, "आता बरा दिसतोय का गं तो, की अजून लटकलाय?" साहेबांनी कॅमेरा बंद केला. चाचणीचा आठवडा जवळ येत होता.

तेव्हा मी पॅनेलचा नाद सोडला आणि चारी दिशांनी ऐकणारी काठीसारखी अँटेना आणली. ही कुठेही तोंड करत नाही, त्यामुळे बोट कितीही फिरली तरी तिला फरक पडत नाही. पण सगळ्यांचंच ऐकते म्हणून लांबचं कमी ऐकते. (अशी माणसंही असतात, तो विषय वेगळा.) ती गोदामाच्या छपराच्या वर डोकं काढेल इतकी उंच न्यायला हवी. बोटीवर तेवढी उंच जागा एकच, डोलकाठीचं टोक. शिडं गेली तरी काठी शाबूत आहे. वर जायची सोय म्हणजे कप्पीतून ओढायची कापडी झोळी. त्यात एकाने बसायचं आणि खालून दुसऱ्याने चरखी फिरवायची. मासेवाल्याला चरखीवर उभं करून मी स्वतः वर गेले. पण कप्पी टोकाच्या खाली आहे, झोळी तिथेच थांबते, आणि तिथून टोकापर्यंत माझा हात वीतभर कमी पडला. वीतभर, आत्या. मी लटकल्या लटकल्या तीनदा प्रयत्न केला. मासेवाला खालून म्हणाला, "ताई, हात ओढून वाढत नसतो." त्याला माझ्यापेक्षा जास्त वजन ओढवत होतं, पण त्याचे हात माझ्याहून आखूड. बाबांचे हात पुरले असते, गुडघ्याने नाही म्हटलं.

इथे तू आलीस. मला आठवलं की तुमच्या इमारतीला दोरीवर लटकून रंग देणारी माणसं येऊन गेली. त्यातला एखादा लांब हातांचा रंगारी मिळाला तर काम दहा मिनिटांचं. म्हणून झडपेतून डोकं काढून मी तुला फोन लावला. वारा होता. मी जे बोलले ते शब्दशः असं: "पॅनेल छतावर ठेवून भागत नाही. मला अँटेना उंच, डोलकाठीच्या वर पाहिजे. घाई आहे, या महिन्यातच झालं पाहिजे. बाबांना आता झेपत नाही. तुमच्या त्या रंगाऱ्यांपैकी कोणी चांगला असेल तर पाठव."

तुला जे ऐकू गेलं ते नंतर सगळे पुरावे जुळवून मी असं काढलं आहे: "मला उंच वर पाहिजे. घाई आहे, या महिन्यातच झालं पाहिजे. बाबांना आता झेपत नाही. कोणी चांगला असेल तर पाठव."

गळालेले शब्द फार थोडे आहेत, हे मी मान्य करते. पण जे गळले ते नेमके सगळे पाट्या, काठ्या आणि रंगारी आहेत. तू त्यावर म्हणालीस, "अगं, किती दिवस वाट बघत होते मी, एकदा तुझ्या तोंडून निघू दे म्हणून." मला वाटलं, तुलाही व्हिडिओ कॉल हवा आहे. मग तू विचारलंस, "किती उंच?" मी म्हटलं, जितकं मिळेल तितकं. इथे फोन पूर्ण गेला. दोन दिवसांनी तुझा निरोप आला, तो अजून फोनमध्ये आहे: "रविवारी सकाळी पाठवते आहे. भरपूर उंच आहे. स्वभावाने शांत. जरा बरे कपडे घाल आणि उलटतपासणी घेऊ नकोस." मी यातल्या प्रत्येक सूचनेचं पालन केलं, उलटतपासणी सोडून. बरे कपडे म्हणून मी सुरक्षेचा नवा कोरा डगला घातला, चमकत्या पट्ट्यांचा, आणि डोक्यावर शिरस्त्राण. तुला रंगाऱ्याच्या सुरक्षेची इतकी काळजी आहे हे बघून मला बरं वाटलं होतं.

रविवारी होडी घेऊन मी धक्क्यावर गेले. तिथे पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक उंच माणूस उभा होता. रंगारी असून शर्टावर एक थेंब नाही, म्हणजे काम स्वच्छ असणार, असा मी निष्कर्ष काढला. तो होडीत बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले. मी वल्ही मारत होते, वेळ वाया जाऊ नये म्हणून विचारायला सुरुवात केली. ते संभाषण मी जसंच्या तसं देते, कारण त्यातलं एकही वाक्य माझ्या बाजूने चुकीचं नाही.

"याआधी किती ठिकाणी जाऊन आलात?"

"दोन."

"मग?"

"जमलं नाही. दोन्हीकडे उंचीचं कारण निघालं."

मी म्हटलं, इथे तर सगळा प्रश्न उंचीचाच आहे.

"हो, आत्याबाईंनी आधीच सांगितलंय. म्हणून तर हिंमत केली."

"भीती वाटते?"

"थोडी वाटते. पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटत असेल."

माणूस खरं बोलतो, हे मला आवडलं. मग मी व्यवहाराचं विचारलं. "तुमची अपेक्षा काय आहे? आधीच बोलून घेतलेलं बरं."

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "फार काही नाही. घरच्यांशी जुळवून घेतलं की झालं."

इतका वाजवी दर मी अजून ऐकला नव्हता. मी लगेच कबूल केलं. (आत्या, मी "मंजूर" असं म्हटलं. हा शब्द त्यांच्या घरी कसा पोचला असेल याचा मी नंतर विचार केला.)

बोटीवर आल्यावर मी त्याला बूट काढायला सांगितले, तर देवाच्या दारात काढावेत तसे त्याने ते जोडून ठेवले. बाबा आत चहा करत होते, तिथूनच "या, या" म्हणाले. मी म्हटलं, चहा मागाहून, आधी स्थळ नीट बघून घ्या. आणि डोलकाठीकडे बोट केलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग काठीकडे वरपर्यंत. "स्थळ चांगलं आहे," तो म्हणाला, "फक्त जरा हलतं." मी झोळी दाखवली, पट्टे समजावले, दुसरी दोरी कशासाठी ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळ्यांनाच करावं लागतं का?" मी म्हटलं, आत्तापर्यंत मी एकटीनेच केलंय, पण मी कमी पडले. त्यावर त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "बरं," म्हणाला, आणि झोळीत बसला.

मी चरखी फिरवली. तो वर गेला. अर्ध्यात त्याने एकदा खाली बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. टोकाशी पोचल्यावर त्याने हात वर केला, आणि तो हात टोकाच्या वर गेला. सहज गेला. मला त्या हाताचं फार कौतुक वाटलं. अँटेना बसली, नट बसला. मग तारेचा जोड, जो या सगळ्या कामातला नाजूक भाग. जोडात पाणी शिरलं की तांबं आतून सडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मी खालून ओरडले, आधी पूर्ण कोरडा करा, मग रबरी पट्टी, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. तो वरून म्हणाला, "ओल राहिली की आतून कीड लागते, तेच ना?" मी म्हटलं, तेच. "मग काळजी करू नका." त्याने खिशातून कापसाचे छोटे बोळे काढले आणि जोड टिपून घेतला. दुसऱ्या खिशातून लांब दांड्याचा इवलासा आरसा काढून मागची बाजू बघितली. रंगारी असं सामान बाळगतात हे मला नवीन होतं. काम करताना तो अँटेनाशी हळू आवाजात बोलत होता. "झालं, झालंच आता. थोडा दाब येईल. शाब्बास." मला वाटलं, भीती घालवायला बोलत असेल.

मी आत धावले, राउटर चालू केला. आत्या, हे कसं सांगू. दिवे हिरवे झाले, पण दिव्यांचं मला आता काही नव्हतं, मी आकडे बघत होते. आकडे माझ्या हिशेबाहून चांगले होते. हिशेबाहून! माझ्या आयुष्यात हिशेबाहून चांगलं काही फारसं आलेलं नाही. आणि तेवढ्यात ओहोटी लागली आणि बोट फिरायला लागली. मी श्वास धरून बसले. गोदाम खिडकीतून सरकलं, टेकडी गेली, धक्का आला, समुद्र आला. आकडा जागचा हलला नाही. बोट पूर्ण उलटी फिरली आणि आकडा तिथेच. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मासेवाल्याने त्याच्या बोटीवरून "काय लागलं?" म्हणून विचारलं. मी बाबांचे दोन्ही हात धरून त्यांना त्या चिमुकल्या जागेत गोल फिरवलं, नव्या गुडघ्यासकट. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे राहायचं आपण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहायचं. मग मी आणखी एक चाचणी घेतली, आणि आणखी एक, आणि आलेख काढला, आणि तो बाबांना समजावत होते, तेव्हा ते कान टवकारून म्हणाले, "पोरी, वर अजून कोणी आहे का?"

होता. झोळीत मुकाट्याने लटकून तो ओहोटी बघत होता. मी माफी मागत चरखी सोडली. तो खाली आला, उभा राहिला, शर्टावर वंगणाचा मोठा पट्टा. पहिला प्रश्न त्याने असा केला: "झालो का पास?"

बाबांनी त्याला बसवून चहा दिला आणि विचारलं, रंगाच्या कामात किती वर्षं झाली? तो म्हणाला, रंगाचं नाही, माझा दातांचा दवाखाना आहे. (इथून पुढे मी "ते" लिहिते. डॉक्टरला अरेतुरे करायचं नाही असं तूच शिकवलं आहेस.) मग ते म्हणाले, "आत्याबाईंनी आईला सांगितलं, मुलीला उंच वर पाहिजे, घाई आहे." बाबांनी कप खाली ठेवला. मग टेबल धरलं. मग त्यांना जो हसण्याचा झटका आला त्यात ती बरगडी. मी म्हटलं, अँटेना. मला अँटेना वर पाहिजे होती. डॉक्टर डोलकाठीच्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे ही परीक्षा नव्हती?" मी म्हटलं, परीक्षा समजून तुम्ही इतक्या उंच चढलात? तर म्हणे, "मागच्या ठिकाणी चारशे प्रश्नांचा अर्ज भरून घेतला होता. त्यापेक्षा हे सरळ वाटलं."

मी तारेतल्या गळतीबद्दल त्यांना समजावून सांगितलं, कारण दुसरं काय बोलावं सुचत नव्हतं. तार जितकी लांब, तितकं वर मिळालेलं खाली पोचेपर्यंत गळून जातं. बाबा डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे आमच्या बहिणीमार्फत पाठवलेला निरोप." डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, असं असेल तर राउटर आत ठेवण्यापेक्षा काठीच्या बुडाशी आणला तर तार आखूड नाही का होणार? आत्या, हा बरोबर प्रश्न आहे. आम्ही तो आणला. आकडा आणखी सुधारला. त्यात जेवायची वेळ टळून गेली, आणि मग मी त्यांना होडीतून परत सोडायला गेले. वल्ही त्यांनी मारली, वाईट मारली.

चाचणीचा आठवडा काल संपला. संपर्क एकदाही तुटला नाही. साहेबांनी लेखी परवानगी दिली आहे, वर्षभराची. बाबांनी तो कागद डोलकाठीला चिकटवायचा म्हटलं, मी नको म्हटलं, भिजेल. तेव्हा आम्ही इथेच आहोत, आणि तुझ्या खोलीची गरज उरलेली नाही. हे लिहिताना मला आनंद होतो आहे आणि तुझ्यासाठी वाईटही वाटतं आहे. बाबा म्हणतात, पडदे उतरवू नकोस, ते महिन्यातून एकदा येऊन राहतील. बाल्कनीत उभे दिसले तर डॉक्टरला बोलावू नकोस, एवढंच.

राहता राहिला गैरसमज. तो तू निस्तरायचा. त्यांच्या आईला कृपया स्पष्ट शब्दांत कळव, की मुलीने अँटेना मागितली होती, मुलगा मागितला नव्हता, "मंजूर" हा शब्द दराबद्दल होता, आणि शर्टाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. एवढं केलंस की प्रकरण मिटलं.

तुझ्या पाठीला आणि दम्याला जपून राहा. शेजाऱ्याला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझी भाची

ता. क. १: मासेवाला विचारतो आहे की तुझ्या इमारतीत दंतवैद्य पाठवायची सोय आहे, तर सुतारही मिळेल का. त्याला मी नाही म्हटलं आहे.

ता. क. २: बाबा म्हणतात, पोरगा बरा आहे, फक्त वल्ही शिकवावी लागतील. हे मी नुसतं त्यांचं मत म्हणून नोंदवते.

ता. क. ३: त्यांच्या आईला अजून फोन केला नसशील तर करू नकोस. केला असशील तर पुन्हा कर, आणि या वेळी फोनवर वारा असू दे.

ता. क. ४: निघताना ते म्हणाले की जोड सहा महिन्यांनी एकदा तपासावा लागेल, दातांचं तसंच असतं. मी त्यांचा नंबर घेतला नाही, कारण त्या वेळी सहा महिने बरोबर वाटले. पुन्हा हिशेब केला. खारी हवा, बोटीचं हलणं आणि बाबांचं इथलं राहणं त्या एका जोडावर अवलंबून, हे सगळं धरता सहा महिने फार होतात. येता रविवार योग्य ठरतो. त्यांना जमेल का विचारून गुरुवारपर्यंत मला कळव.